गच्चीवरचं सिंगापूर

"पासपोर्ट दाखवा," मी आवाज जाड करून म्हणालो.

रेवाने बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद माझ्या हातात दिला. मी तो उलटासुलटा करून पाहिला, तिच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"किती दिवस राहणार?"

"खाऊ संपेपर्यंत," रेवा म्हणाली.

"थांबा, थांबा!" पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली कुमुदताई ओरडली. "अधिकारी हसला. श्री, अधिकारी हसत नसतो. पुन्हा घ्या. सगळे विंगेत चला."

विंग म्हणजे आमच्या जिन्याची खोली. तिच्या अंधारात मी, माझी बायको अनघा, आठ वर्षांचा निषाद आणि पाच वर्षांची रेवा असे सगळे पुन्हा दाटीवाटीने उभे राहिलो. बाहेर दिवाळीआधीचं ऊन होतं आणि मिरजेतल्या आमच्या गच्चीवर खडूने अख्खं सिंगापूर काढलेलं होतं. टाकीपासून तुळशीपर्यंत विमान, तुळस म्हणजे अधिकाऱ्याची खिडकी, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मेट्रोचा फलाट. शेजारच्या गच्चीवरून गोखलेकाकूंनी विचारलंसुद्धा, "कुठलं नाटक बसवताय हो?" ताईने गंभीरपणे उत्तर दिलं, "कौटुंबिक आहे. परदेश दौरा आहे."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. माझं तेव्हाही औषधांचं दुकान होतं आणि आजही आहे. मिरजेत औषधांचं दुकान बंद ठेवणं म्हणजे देवळाला कुलूप लावण्यासारखं. लग्न झाल्यापासून मी अनघाला 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत आलो होतो. त्या वर्षी माझा चुलतभाऊ दुकान सांभाळायला तयार झाला, दिवाळीनंतरचे चार दिवस मोकळे मिळाले आणि मी घाईघाईने सिंगापूर ठरवून टाकलं. चार दिवसांत काय काय बघायचं याचा मी असा काही बेत आखला की तो ऐकूनच निषादला जांभई आली.

पण खरी अडचण बेताची नव्हती. अडचण रेवाची होती.

रेवा हात सोडून पळायची. दुसरा शब्द नाही. भाजी मंडईत, लग्नाच्या कार्यालयात, गणपतीच्या गर्दीत, जिथे माणसं जास्त तिथे ही पोरगी हातावर तुरी देऊन पसार. त्या वर्षीच्या गणपतीत तर अर्धा तास सापडली नव्हती. शेवटी एका पोलिसाच्या खांद्यावर बसून आली, तेही कणीस खात. आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून अनघाने तिला गर्दीत न्यायचंच बंद केलं होतं.

"मी येणार नाही," सिंगापूरचं नाव काढल्यावर अनघा म्हणाली. "इथे हरवली तर निदान मराठीत रडेल. तिथे काय करू मी?"

"अगं, घट्ट धरू की हात."

"गणपतीत काय सैल धरला होता तुम्ही?"

मी निम्मा मनातून खचलो आणि सवयीप्रमाणे सांगलीला ताईला फोन केला.

कुमुदताई माझी थोरली बहीण. सांगलीच्या एका शाळेत तिने जन्मभर मराठी शिकवलं आणि सुट्ट्यांत मुलांची नाटकं बसवली. लग्न केलं नाही. विमानात ती तेव्हा बसली नव्हती आणि आजवर बसलेली नाही. कोल्हापूर-पुण्यापलीकडे तिचा पाय क्वचितच पडलेला. अशा बाईला परदेशवारीचा सल्ला विचारणं म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नसल्याचं लक्षण, असं अनघाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्यात आमच्या घरात ताईचं नाव होतं 'खांब'. ते कसं पडलं हे नातेवाइकांतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. मी चारेक वर्षांचा असताना नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या यात्रेत हरवलो होतो. आईवडील दर्शनाला गेले, नऊ-दहा वर्षांच्या ताईला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगून. मी फुगेवाल्यामागे गेलो. आईवडील परत येऊन पाहतात तो मी नाही, आणि ही बया मांडवाच्या खांबाला धरून तशीच उभी. सगळी यात्रा पोराला शोधतेय आणि ही जागची हलायला तयार नाही! वडिलांनी दंडाला धरून ओढलं तरी हलेना. बऱ्याच वेळाने मी आपणहून चालत परत आलो. तेव्हापासून घरात मी हुशार आणि ताई खांब. लग्नकार्यात कुणी सुस्त बसलं की "कुमुदसारखा खांब झालाय नुसता" असं म्हणायची पद्धतच पडली होती. ताईही हसायची.

तर हा खांब पुढच्याच रविवारी सांगलीहून बसने आला. पर्समध्ये खडूंची पेटी होती.

"तालीम केल्याशिवाय नाटक उभं करतं का कुणी?" चपला काढता काढता तिने विचारलं. "परदेशात काय, आणि स्टेजवर काय, मुलं घाबरतात ती नव्या जागेला. जागा जुनी करून टाकायची. वाच तुझा बेत."

मी वाचला. पक्ष्यांची बाग, प्राणिसंग्रहालय, रात्रीची सफारी, समुद्रकाठचं बेट, मोठं मत्स्यालय, चिनी वस्ती, भारतीय वस्ती, बोटीतली फेरी.

"एका अंकात एवढे प्रवेश? नट मरतील. दिवसाला एक. उरलेल्या वेळात मुलांना तिथली मांजरं बघू दे."

"ताई, मांजरं बघायला सिंगापूरला जायचं?"

"तुझी मुलं तेच बघणार आहेत. तू आपला उगाच कपाळाला आठ्या घालशील."

आणि मग रविवारी रविवारी गच्चीवर सिंगापूर उभं राहू लागलं. मी नाटक पाहिलं होतं, पण नाटक बसवताना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझी बहीण काय चीज आहे हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा दिसलं. ती मुलांना 'असं करू नका' म्हणून कधी सांगायची नाही. निषाद सामान तपासणीच्या वेळी आपली मोटार हातातून सोडायला तयार होईना. ताईने परडी पुढे केली आणि म्हणाली, "मोटारीला बोगद्यातून जायचंय. तू पलीकडे जाऊन तिला घ्यायला थांब." पोरगा धावत पलीकडे. विमान वर जाताना कान दुखतात, म्हणून चघळायला आवळा सुपारी. भूक लागली, जेवण वेळेवर मिळालं नाही तर काय करायचं, याची तालीम करायला तिने एका रविवारी आमचं जेवण मुद्दाम लांबवलं. त्या तालमीत नापास झालेला एकटा मीच.

रेवा सगळं करायची. पासपोर्ट द्यायची, पट्टा बांधायची, झेब्रा क्रॉसिंगवर थांबायची. फक्त फलाटाचा प्रवेश आला की घोटाळा. ताईने दोरीखाली खडूने एक गोल काढला होता.

"रेवा, गाडीत चढताना हात सुटला तर काय करायचं?"

"गोलात उभं राहायचं."

"मग राहा."

आम्ही तिघं दोरीपलीकडे 'गाडीत' बसून जिन्याच्या खोलीत जायचो. बाहेर येऊन बघावं तर गोल रिकामा आणि रेवा टाकीमागे, नाहीतर थेट खाली दारापाशी. दरवेळी तेच. अनघाचा चेहरा सांगायचा, बघा, मी म्हटलं नव्हतं?

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ताई म्हणाली, "रंगीत तालीम करू. मिरज स्टेशनावर."

"ताई, तुम्ही तिला खरीच सोडून देणार?" अनघाचा आवाज चढला. "मला हे अजिबात पसंत नाही."

"मी चहाच्या टपरीमागे असेन. माझी नजर हलणार नाही तिच्यावरून. हलली तर तू मला वाट्टेल ते बोल."

दुपारची वेळ होती, फलाटावर बेताची गर्दी. ताईने पाण्याच्या नळाजवळ खडूने गोल काढला. मी रेवाचा हात सोडला, पुलाच्या जिन्यामागे जाऊन उभा राहिलो आणि माझा जीव टांगणीला लागला. रेवाने इकडेतिकडे पाहिलं. गोलाकडे पाहिलं. आणि पळाली. हमालांच्या मधून, गाठोड्यांवरून, एका म्हातारीच्या काठीखालून. ताईने पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी धावत जाऊन तिला पकडलं.

"झालं," अनघा म्हणाली. "तिकिटं रद्द करा."

ताई धापा टाकत फलाटावर खाली बसली, चक्क फरशीवर, साडीसकट. रेवाला समोर उभं केलं. मला वाटलं, आता रागावणार. तिने शांतपणे विचारलं, "गोल सोडून कुठे चालली होतीस गं?"

"बाबांना शोधायला."

"का?"

"ते हरवले ना!" रेवाचे डोळे भरले होते. "ते एकटेच होते. त्यांना रस्ता नाही माहीत."

वर्षभर आम्ही म्हणत होतो, पोरगी पळते, पोरगी वांड आहे, हात सोडते. आणि ही पोर मंडईत, कार्यालयात, गणपतीत आम्हाला शोधत फिरत होती. तिच्या हिशेबी ती एकदाही हरवली नव्हती. दरवेळी आम्हीच हरवलो होतो.

ताईच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी विसरलेलो नाही. नाटकात अडलेला प्रवेश अचानक सुटावा तसा तिचा चेहरा उजळला. तिने रेवाचे दोन्ही हात धरले.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "बाबा हरवतात. फार हरवतात. लहान असतानाही हरवायचे. पण मला सांग, ते फिरत असले आणि तूही फिरत असलीस, तर ते कुणाला सापडणार?"

रेवा विचारात पडली.

"हरवलेल्या माणसाला परत यायला एक जागा लागते. ती जागा कुणीतरी धरून ठेवायची असते. ते काम मोठं असतं. रडू आलं तरी ती हलवायची नसते. तुला जमेल?"

"म्हणजे मी जागा?"

"तू जागा."

रेवाने फ्रॉकला नाक पुसलं, चालत नळापाशी गेली आणि गोलात उभी राहिली. मी पुन्हा जिन्यामागे गेलो. एक मालगाडी धडधडत गेली, पॅसेंजर आली, माणसं उतरली, तिला ओलांडून गेली. ती हलली नाही. मी परत आलो तेव्हा तिने माझ्याकडे मोठ्या माणसासारखं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, सापडलात!"

तिकिटं रद्द झाली नाहीत.

सिंगापूरला उतरलो तेव्हा मुलांना काहीच नवं वाटलं नाही. अधिकाऱ्यापुढे रेवा अशी काही उभी राहिली की जन्मभर तेच करते आहे. तो अधिकारी हसला. "बघा, हसतात!" मी म्हणालो, पण ऐकायला ताई नव्हती. मेट्रोच्या फलाटावर दारांसमोर जमिनीवर रंगवलेल्या रेघा आणि बाण होते. ते पाहून रेवाने मला विचारलं, "आत्या इथे येऊन गेली?"

बेत ताईनेच कापून ठेवलेला, दिवसाला एक प्रवेश. मुलांनी हत्ती पाहिले, मासे पाहिले आणि हॉटेलच्या मागच्या गल्लीतल्या शेपूट आखूड असलेल्या मांजरापाशी सर्वांत जास्त वेळ घालवला. मी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. गल्लीच्या पायरीवर बसून अनघा मोकळेपणी हसत होती, आणि तिला तसं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही परतत होतो. ऑफिसं सुटलेली, फलाट भरलेला. अनघाने निषादला धरलेलं, मी रेवाला. गाडी आली. चढता चढता रेवाची टोपी पडली. तिने हात सोडवून घेतला आणि वाकली. मागच्या लोंढ्याने मला आत ढकललं, मी वळेपर्यंत दार लागलं. आधी गाडीचं, मग फलाटाचं काचेचं.

दोन काचांपलीकडे रेवा उभी होती, टोपी हातात घेऊन. ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली जमिनीकडे बघत होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी दारावर मुठी मारत होतो. गाडी सुटली.

माझी पाचावर धारण बसली. मी मराठीत ओरडत होतो. एक तरुण मुलगा पुढे आला, पुढच्या स्टेशनावर उतरा, समोरच्या बाजूची गाडी पकडा, असं इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मी अनघाकडे पाहिलं. ती आता कोसळणार, मला नको नको ते बोलणार, असं मला वाटलं. ती पांढरीफटक पडली होती, पण तिने माझं मनगट धरलं.

"ती हलणार नाही," ती म्हणाली. "ताईंनी सांगितलंय तिला. ती जागा सोडणार नाही. तुम्ही फक्त परत चला."

परतीची गाडी मिळाली. मी दाराच्या काचेला नाक लावून उभा होतो. गाडी त्या फलाटात शिरली आणि काचेपलीकडून माणसंच माणसं सरकू लागली. पाय, पिशव्या, छत्र्या, सगळं वाहत होतं. आणि त्या वाहत्या गर्दीत मधोमध एक टोपी हलत नव्हती.

तेवढ्यात मला वाडीची यात्रा आठवली. घरच्यांनी सांगितलेली नव्हे, माझी स्वतःची, जी आठवते आहे हे मला माहीतच नव्हतं. धोतरं, लुगडी, माणसांचे पाय. फुगेवाला कुठे गेला कळेना. ज्या बाजूला वळावं त्या बाजूला सगळं चाललेलं. आणि मग लांब, मांडवाच्या खांबापाशी, एक लाल परकर. सगळी यात्रा हलत होती, फक्त तो परकर हलत नव्हता. मी त्याच्याकडे चालत गेलो.

मी आपणहून परत आलो नव्हतो. मला परत यायला जागा होती.

दार उघडलं. रेवा एका बाणावर दोन्ही पाय जुळवून उभी होती. गणवेशातली एक बाई तिच्यासमोर उकिडवी बसून पाण्याची बाटली पुढे करत होती, आणि रेवा मान हलवून नाही म्हणत होती. मला पाहिलं तरी ती धावत आली नाही. तिचा चेहरा रडण्याच्या अगदी काठावर होता. मी जवळ जाऊन गुडघ्यांवर बसलो.

"बाबा, सापडलात!" ती म्हणाली, आणि मगच रडली.

आम्ही दोघं त्या स्वच्छ फलाटावर बसून रडलो, आणि लोक आम्हाला वळसा घालून जात राहिले. त्या बाईने नंतर मला विचारलं, मी हिला स्टेशनच्या खोलीत चल म्हणत होते, ही एकच शब्द बोलत होती, 'जागा', त्याचा अर्थ काय? मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता आलं नाही. मी नुसते हात जोडले.

मिरजेला पोचलो तेव्हा ताई आमच्या घरी पिठलं-भात करून वाट बघत होती.

"काय, पडदा पडला का नीट? कुणी वाक्यं विसरलं नाही ना?"

अनघा पुढे झाली आणि ताईच्या पाया पडली. ताई गडबडली. "अगं, हे काय? सण आहे का आज?" मग आम्ही तिला सगळं सांगितलं. ती भात वाढता वाढता थांबली, पळी हातात तशीच.

"ताई," मी म्हणालो, "वाडीला तुझा परकर लाल होता ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"होय की. नवा होता. दिवाळीचा."

"बाबा तुला ओढत होते तरी तू हलली का नाहीस?"

"तू मला जिथे सोडून गेलास ती जागा तेवढी तुला माहीत होती," ताई म्हणाली. "तीच सोडली असती तर तू आला कुठे असतास? पण हे तेव्हा मला सांगता येईना. नुसता खांब धरला. मार खाल्ला, पण धरला."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस? सगळे तुला हसत होते. मीही."

"सापडला होतास की तू," ती म्हणाली. "त्यापुढे काय बोलायचं?"

रेवा इतका वेळ एकदा माझ्याकडे, एकदा ताईकडे बघत होती.

"आत्या, म्हणून तुला सगळे खांब म्हणतात?"

"होय गं बाई. म्हणून."

रेवा पाटावरून उठली, ताईला अगदी खेटून उभी राहिली आणि तिने ताईच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"मग मी पण खांब," ती म्हणाली.